वैशाखात हिरव्या राहणाऱ्या जागा : देवराया, डोह आणि झऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली रानं, आणि नदीतले डोह पाहत हिंडताना, गावच्या बैठकांत, शाळांमध्ये, एसटीच्या थांब्यावर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली आणि गोव्यातली आहेत.

आश्रयस्थान म्हणजे नेमकं काय?

चैत्र सरताना एखाद्या कड्यावर उभं राहून खाली पाहा. गवत करपून उतार पिवळा पडलेला असतो, सागाची पानं केव्हाच गळलेली असतात, आणि एखाद्या घळीत मधेच गडद हिरवा ठिपका दिसतो. तिथे उतरलात तर पायाखालची माती ओलसर लागते आणि हवा अंगाला वेगळी जाणवते. आजूबाजूचा मुलूख तापत आणि वाळत असताना जिथे ओल, सावली आणि गारवा टिकून राहतो, ती जागा म्हणजे आश्रयस्थान.

पक्षी उडून दुसरीकडे जातात, सांबर रात्रीतून डोंगर ओलांडतं. झाडाला, शेवाळाला, गोगलगाईला, बेडकाला तसं जाता येत नाही. त्यांना वाईट वर्षं जागच्या जागीच काढावी लागतात. ती जिथे निघतात तिथूनच पुढे चांगल्या वर्षांत बी पसरतं, पिल्लं पसरतात आणि उजाड झालेला भाग पुन्हा भरतो.

मग अभयारण्यं आहेतच की! या जागा वेगळ्या कशा?

अभयारण्याची हद्द माणूस नकाशावर आखतो. आश्रयस्थानाची हद्द खडक, पाणी आणि सावली ठरवतात. मोठ्या अभयारण्यातही निम्मा भाग उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असू शकतो आणि सगळे प्राणी चार पाणवठ्यांवर जगत असतात. उलट अर्ध्या एकराच्या राईत बारमाही पाझर असतो, पण तिची नोंद कुठल्याच यादीत नसते. मला जास्त काळजी वाटते ती अशा लहान जागांची. त्या एका उन्हाळ्यात, एका जेसीबीने, दोन दिवसांत संपतात.

एवढ्याशा जागेत ओल टिकते कशी?

एकाच कारणाने नाही. तीन-चार गोष्टी एकत्र याव्या लागतात, आणि सगळ्यांत खाली असतो खडक.

सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. काही थर भेगाळलेले, सच्छिद्र असतात. काही घट्ट, पाणी न सोडणारे. पावसाचं पाणी भेगाळलेल्या थरातून खाली मुरतं, घट्ट थरापाशी अडतं, आडवं सरकतं आणि जिथे डोंगराची कड उघडी पडलेली असते तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. कोकणात आणि गोव्यात वर जांभा आणि त्याखाली चिकणमाती असते. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर पडलेलं पाणी जांभ्याच्या जाळीतून झिरपतं आणि चिकणमातीवर अडून सड्याच्या पायथ्याशी पाझरतं. आषाढातलं पाणी वैशाखात बाहेर येतं ते असं, खडकातून नऊ-दहा महिने सरपटत.

दुसरी गोष्ट सावलीची. दाट झाडीखाली ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, वारा अडतो आणि पानांतून बाहेर पडणारी वाफ हवा थंड करते. जगभरातल्या जंगलांतली मोजमापं २०१९ साली एकत्र तपासली गेली, तेव्हा जंगलातलं कमाल तापमान बाहेरच्यापेक्षा सरासरी ४ अंशांनी कमी निघालं. हवामान बदलाच्या चर्चेत दीड-दोन अंशांवर रणं माजतात. इथे झाडाखाली चार अंशांचा फरक पडतो.

तिसरी गोष्ट खोलगटपणाची. थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून घरंगळत दरीत येऊन साचते. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठावर दवाचे हिमकण झाल्याची बातमी दर हिवाळ्यात वाचायला मिळते. गावात मात्र त्याच रात्री तसं काही होत नाही. घळी आणि खोरी अशीच थोडा गारवा राखून असतात, आणि कड्याच्या आडोशाला दुपारचं ऊनही उशिरा येतं, लवकर जातं.

राहिला पालापाचोळा. जुन्या राईत ओंजळभर पाला उचलून बघा. वरची पानं कुरकुरीत. त्याखालची मऊ, काळपट. आणखी खाली बोट घातलं तर पानांना चिकटलेले बुरशीचे पांढरे धागे दिसतात, एखादी गोम घाईघाईने आत सरकते आणि बोटाला थंड ओल लागते. हा थर पावसाचा मार झेलतो, पाणी वाहून जाऊ न देता मुरवतो आणि उन्हाळ्यात मातीवर पांघरूण घालतो. देवराईतलं वाळलेलं पानही बाहेर न्यायचं नाही, हा नियम ज्यांनी घातला त्यांना ओल कुठे राहते ते पुरतं ठाऊक असलं पाहिजे.

झाडं तर पाणी पितात. मग राईमुळे झरा टिकतो हे कसं?

प्रश्न रास्त आहे. झाडं पाणी पितात, भरपूर पितात. निलगिरीसारखी झपाट्याने वाढणारी झाडं झऱ्याच्या डोक्यावर दाटीने लावली तर झरा रोडावू शकतो. म्हणून "झाडं लावा, झरा वाहील" असं सरसकट सांगणं मला पटत नाही. झरा मुळात असतो तो खडकाच्या रचनेमुळे. जुनी राई त्याची राखण करते: पाणी मुरवते, माती धरून ठेवते, झऱ्याच्या तोंडावर ऊन पडू देत नाही. कित्येक ठिकाणी क्रम उलटाही असणार. बारमाही पाणी होतं म्हणून तिथे देव बसवला आणि देवामुळे झाडी राहिली. आज या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की एकीला हात लावला की दुसरी हलते.

देवराया याचं इतकं चांगलं उदाहरण का?

कारण तिथे शेकडो वर्षं कुऱ्हाड चाललेली नाही. महाराष्ट्रात नोंदलेल्या देवरायांची संख्या दोन हजारांच्या वर आहे. कोकणात काही भागांत त्यांना देवरहाटी म्हणतात, गोव्यात देवाची राय. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात गावोगाव फिरून या राया नोंदल्या. १९७६ साली त्यांनी सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहिलं, तेव्हापासून अभ्यासकांचं लक्ष तिकडे वळलं.

त्या काळातली श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाची हकीकत मला फार मोलाची वाटते. तिथल्या काळकाईच्या राईवर तोडीची वेळ आली, तेव्हा गावकरी तिच्या रक्षणासाठी धडपडले. नुसत्या देवीच्या कोपाच्या भीतीने नव्हे. आपला बारमाही ओढा या राईतून निघतो, राई गेली तर पाणी जाईल, हे ते सांगत होते. पाणलोट, भूजल पुनर्भरण हे शब्द कागदावर येण्याआधी लोकांच्या तोंडी तोच हिशेब होता.

जुन्या झाडांची आणखी एक खुबी. धनेशाला घरट्यासाठी मोठी ढोली लागते आणि ढोली पडायला बेहड्यासारखं झाड म्हातारं व्हावं लागतं. भोवतालचं रान कोळशासाठी, जळणासाठी तुटत गेलं, तिथे एवढी जुनी झाडं उरली ती राईतच. धनेश राईतून राईत उडत फळं खातो आणि बिया टाकत जातो. गारंबीच्या मांडीएवढ्या जाड वेली, सीतेचा अशोक, सुरंगी, धूप, चांदकुडा ही नावं ज्यांना एका जागी पाहायची असतील त्यांनी दक्षिण कोकणातली राई गाठावी.

दोडामार्गच्या रानजायफळांबद्दल ऐकलं. ते काय प्रकरण आहे?

महाराष्ट्रात आश्रयस्थान म्हणजे काय ते एका जागी उभं राहून समजून घ्यायचं असेल, तर मी हीच जागा सांगेन.

केरळापासून उत्तरेकडे यावं तसा घाटातला कोरडा काळ लांबत जातो. पाऊस कमी पडत नाही. आंबोलीत तो धो धो कोसळतो. पण तो चार महिन्यांत संपतो. दक्षिण केरळात कोरडे महिने तीन-चार, आपल्याकडे सात-आठ. बारा महिने ओल लागणारी झाडं त्यामुळे उत्तरेकडे विरळ होत जातात. जायफळाच्या कुळातली काही झाडं तर पाण्यात मुळं ठेवूनच जगतात. त्यांच्या दलदली केरळात, कर्नाटकात आहेत. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या बांबर इथे निरंकाराची राय आहे. महाराष्ट्रात अशी जागा अभ्यासकांच्या नजरेस आली ती अगदी अलीकडे, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे, भालांडेश्वराच्या राईत.

अशा दलदलीत झाडाच्या बुंध्याभोवतीचं दृश्य विसरता येत नाही. पाणी घोट्याएवढं, जेमतेम सरकणारं. त्या चिखलातून मुळं वर येतात, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या गुडघ्यासारखी वाकतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. चिखलात हवा नसते, म्हणून मुळं श्वास घ्यायला बाहेर डोकावतात. गुडघ्यांच्या मधल्या खळग्यांत कुजकी पानं आणि पाण्यावर धावणारे किडे. वर फळ तडकलं की आतल्या बीवर जायपत्रीसारखं लाल वेष्टन दिसतं. ते खायला धनेश आणि मोठी रानकबुतरं येतात. हे बी वाळवून डब्यात भरून ठेवता येत नाही. वाळलं की मेलं. म्हणजे ही झाडं वाचवायची तर ती उभी आहेत तिथली ओल वाचवावी लागते. दुसरा उपाय नाही.

हजारो वर्षांत पावसाळा आखडत गेला, तेव्हा भोवतालची अशी झाडं संपली असणार. इथे पावसाची उणीव झऱ्याने भरून काढली, म्हणून ती उरली. बांबर्ड्याची ही जागा २.५९ हेक्टर. २०२१ साली राज्य सरकारने तिला जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केलं. आसपासच्या डोंगरांवर रबराच्या बागा चढत चालल्या आहेत. वरचा डोंगर जेसीबीने टप्पे पाडून उघडा केला, तर खालच्या अडीच हेक्टरला कुंपण घालून काय होणार? पाणी कुंपणाच्या बाहेरून येतं. दलदल वाचवायची म्हणजे तिच्या डोक्यावरचा डोंगर वाचवायचा, हे सरकारी कागदात अजून पुरेसं उतरलेलं नाही असं मला वाटतं.

नदीतले डोहही आश्रयस्थानात मोडतात का?

मोडतात, आणि देवरायांइतकंच त्यांचं महत्त्व आहे. फक्त पाण्याखालचं दिसत नाही म्हणून त्यांच्याविषयी बोललं कमी जातं.

मृगाच्या पहिल्या पावसात कोकणात वलगणीचे मासे चढतात. ओढ्यांतून, व्हाळांतून, पार शेतांत. लोक कंदील, बॅटऱ्या घेऊन रात्री पकडायला जातात. पण मेअखेर नदी कोरडी पडलेली असते, मग पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशी हे मासे येतात कुठून? बहुतेक डोहांतून. नदी आटत जाते तशी ती साखळी तुटून सुटे डोह उरतात, आणि मासे, खेकडे, कासवं त्यांत दाटीने उन्हाळा काढतात. चांगल्या डोहाला तळातून झऱ्याचं पाणी येत राहतं आणि खालचा थर थंड राहतो. शिवाय काठावर करंज, उंबर, जांभूळ वाकलेले असतील तर पाणी कमी तापतं. मेळघाटात सेमाडोह हे गावाचं नावच आहे.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनीचं ठाणं असल्यामुळे तिथे मासे मारत नाहीत. मोठमोठे महासीर तिथे निर्धास्त फिरताना दिसतात. दख्खनच्या या महासीराची, म्हणजे खडशीची, शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली केली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्या नदीची आजची अवस्था पाहिली की वाळणकोंडाच्या काठावर उभं राहताना गळ्याशी काहीतरी येतं.

आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम आहे. गुहेतून पाणी येतं, पुढे महादेवाचं मंदिर आणि कुंड. त्या कुंडातल्या छोट्या रंगीत माशाची जात नवीन असल्याचं २०२० साली जाहीर झालं आणि त्याला नदीचंच नाव मिळालं, शिस्तुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी त्या जागेलाही वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. लाखो भाविकांनी पाय धुतलेल्या पाण्यात एक मासा शास्त्राला अनोळखी राहिला होता.

डोह मरतात ते वाळू उपशाने, ब्लीचिंग पावडर टाकून किंवा सुरुंग लावून केलेल्या मासेमारीने. आणि मे महिन्यात शेवटच्या पाण्यात सोडलेल्या मोटरीने. शेतकऱ्याची तगमग मला कळते. समोर ऊस वाळत असतो. तरी डोहातलं शेवटचं पुरुषभर पाणी उपसलं की पुढच्या पावसात वलगण येत नाही, आणि मग ती कितीतरी वर्षं येत नाही.

हे सगळं कोकणातलं, घाटातलं झालं. मराठवाडा-विदर्भाचं काय?

दुष्काळी मुलखात अशा जागा थोड्या, म्हणून त्यांची किंमत जास्त. बुलडाण्यातलं लोणार पाहा. पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर, तळाशी खारं पाणी, पण काठावरच्या धारेला बारमाही गोडं पाणी आणि विवराच्या उतारावर झाडी. वरच्या माळावर मे महिन्यात सावली शोधावी लागते. विवरात शंभरेक मीटर खाली उतरलं की मोर ओरडत असतात. २०२० पासून ते रामसर पाणथळ आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत आहे. धाराशिव जिल्ह्यात येडशीजवळचा रामलिंग घाटही तसाच: बालाघाटाच्या कोरड्या पठाराला पडलेली खोल घळ, आत मंदिर, झाडी आणि माकडांचे कळप.

लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या उन्हाळ्यात माणसांचे इतके हाल झाले तर रानातल्या जिवांचं काय झालं असेल? बालाघाटातल्या अशा घळींनी तेव्हा किती जीव सांभाळले याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

एकदा आश्रयस्थान, म्हणजे कायमचं आश्रयस्थान का?

नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना आपला मोसमी पाऊस दुबळा झाला होता आणि दाट रानं आक्रसून ओल्या कोपऱ्यांत राहिली. पाऊस परतला तशी ती पुन्हा पसरली. त्या वेळी पसरायला मोकळी जमीन होती. आज राईच्या चारी बाजूंना रस्ता, बाग, प्लॉट आहेत. आत जीव टिकला तरी बाहेर पडायला वाट नाही.

आणि धक्का फार मोठा असेल तर आश्रयस्थानही हरतं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या वायव्येला खोल घळींत वोलेमी पाइन हे प्राचीन कुळातलं झाड १९९४ साली सापडलं. निसर्गात त्याची प्रौढ झाडं शंभराच्या आतच आहेत. २०१९-२०च्या वणव्यात त्या घळीपर्यंत आग पोचली, तेव्हा हेलिकॉप्टरने माणसं उतरवून, पाण्याची व्यवस्था करून झाडं वाचवावी लागली. लाखो वर्षं घळीने राखलेल्या झाडांना शेवटी माणसांनी राखलं.

मंदिराचा जीर्णोद्धार करतोय. राईला काही अपाय होईल का?

गावाच्या भक्तीबद्दल मला आदर आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: आज देवरायांचं सर्वांत जास्त नुकसान याच कामात होताना मी पाहतो. कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं होतं, त्यासाठी ट्रक आत आणायला रस्ता होतो, रस्त्यासाठी झाडं जातात, मग पेव्हर ब्लॉक, मग मंडप. झाडोरा "साफ" करून पाला जाळला जातो. एका राईत मी झऱ्याच्या तोंडाला सिमेंटची सुंदर टाकी बांधलेली पाहिली. बांधताना पाणी जिथून यायचं ती भेगच बुजली. दोन वर्षांनी पाणी बाजूच्या उतारावर, टाकीबाहेर पाझरायला लागलं आणि टाकी कोरडी राहिली.

काम करायचंच असेल तर जुन्या जोत्याइतकंच करा. सामान डोक्यावरून वाहा. लादी फक्त गाभाऱ्यात घाला, अंगण मातीचंच राहू द्या. झऱ्यापाशी सिमेंट नको, रचलेला दगड पुरे. कौल लावायची प्रथा असेल, तर देवाला झाडांबद्दलही विचारा. मानकरी आणि गुरव यांनी मनावर घेतलं तर कुठल्याही खात्यापेक्षा लवकर काम होतं, हा माझा अनुभव आहे.

झाडं लावून नवं आश्रयस्थान तयार करता येईल?

राईच्या कडेला, तिच्याच झाडांच्या बियांपासून केलेली रोपं लावून तिला रुंद करता येतं. ते जरूर करावं, कारण कडेने ऊन आणि वारा आत घुसतो. माळावर नव्याने गिरिपुष्प लावून मात्र राई होत नाही. झऱ्याचा खडक, शंभर वर्षांचा पाला आणि ढोलीचं झाड रोपवाटिकेत मिळत नाही. पैसे आणि माणसं मोजकी असतील तर आहे ते राखायला आधी लावावीत, असं माझं ठाम मत आहे.

कायद्याचा काही आधार आहे का?

आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही करता येते. राई, डोह, झरे तिच्यात नावानिशी लिहा. याच कायद्याच्या कलम ३७ खाली वारसा स्थळ घोषित होतं. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या गावाला राखणीचाही अधिकार आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांच्या, म्हणजे तिथल्या देवरायांच्या प्रकरणात देशभरच्या देवरायांसाठी धोरण करावं, असं केंद्राला सुचवलं. आधी सातबारा काढा, मात्र. जमीन देवस्थानची, वन खात्याची, महसूलची की खासगी, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आमच्या गावाजवळ अशी जागा आहे का, हे कसं शोधायचं?

वैशाखात शोधा. पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना आणि गुराख्यांना विचारा, बहात्तरच्या दुष्काळात पाणी कुठून आणलं होतं? ज्या झऱ्याचं, ज्या डोहाचं नाव दोघं-तिघं घेतील, तिकडे चला. वाटेत नेचे, शेवाळ, दगडाखाली खेकडे, दुपारीही बसून असलेली फुलपाखरं दिसायला लागली की जागा जवळ आली.

मग झऱ्याखाली कळशी धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. कळशी किती लिटरची, भरायला किती वेळ लागला, तारीख कोणती, हे शाळेच्या वहीत लिहून ठेवा. दर महिन्याला एकदा, तीच कळशी, तीच जागा. काम चौथीतली मुलंही करतात आणि मन लावून करतात. आमच्याकडच्या एका झऱ्याला मे महिन्यात कळशी भरायला एका वर्षी ४० सेकंद लागत होते, पुढच्या वर्षी ७०. मुलंच म्हणाली, वरच्या बाजूला काय झालंय ते बघून येऊ. वर नवी बोअर पडली होती.